आठ ठेक्यांची जागा

नंदुरबार, २४ नोव्हेंबर २०२४

करम्या,

तू मला ब्लॉक केलंस तेव्हा वाटलं, दोन दिवस राग धरून बसशील. मग वाटलं, दिवाळीपर्यंत. दिवाळी गेली, तू टोळीबरोबर ऊस तोडायला बारडोलीकडे गेलास, आणि माझ्या मोबाइलवर तुझ्या फोटोच्या जागी अजून तो करडा गोळाच आहे. म्हणून हा कागद. आमशा पंधरा दिवसांनी टोळीचं सामान घेऊन जीप तिकडे आणतो, त्याच्या हाती देतोय. तो म्हणाला, "फोन कर ना भो, कागद कसाले?" मी म्हटलं, फोन तो उचलत नाही. "मंग कागद तरी उचली का तो?" असं म्हणून त्याने पाकीट टपाच्या पट्टीत खोचलं. आमशाचं तोंड तुला माहीत आहे.

भांडायला लिहीत नाही. माझी बाजू तू ऐकलीच नाहीस, ती सांगायला लिहितोय.

सप्टेंबरमधली ती बातमी. मोलगीच्या वरच्या पाड्यांवर रेशनच्या मशीनला रेंज नाही, म्हणून दुकानदार सगळ्यांना टेकडीवर चढवतो, तिथे अंगठे घेतो आणि धान्य 'पुढच्या बाजाराला' म्हणून सांगतो. पुढच्या बाजाराला अर्धंच मिळतं. ती टेकडी आपण दोघं चढलो. माझ्या हातात वही, तुझ्या हातात माइक. तिथे एक बाई बोलली. तिचं नाव इथेही लिहीत नाही, तुला माहीत आहे. तिला मी शब्द दिला होता की नाव येणार नाही. म्हणून मी दुसरं नाव टाकलं आणि आम्ही नेहमी लिहितो तसं पुढे कंसात 'नाव बदललेले' लिहिलं. डेस्कवरच्या माणसाला जागा कमी पडली. त्याने कंस उडवला. राहिलं फक्त नाव, भुरीबाई.

आता त्या अख्ख्या पाड्यावर भुरीबाई एकच निघावी आणि ती तुझी आई असावी, याला मी काय करू? योगायोग म्हणतात तो हाच. तू मला ओरडून विचारलंस, "मन्ही मायनं नाव तुले माहित नव्हतं?" नव्हतं, करम्या. तू तिला याहा म्हणतोस म्हणून मीही तीन वर्षं याहाच म्हणत आलो. दोस्ताच्या आईचं नाव कोण विचारतं?

दुकानदाराने 'गावात राहत नाही' असा शेरा मारून तिचं नाव रेशनच्या यादीतून कापायला लावलं. वर तिला म्हणाला, "पेपरमा बोलनी ना? आते पेपर खा." हे मला तुझ्या बहिणीने, रिनाने सांगितलं. तू सांगितलं नाहीस, तू फक्त कॉलर धरलीस. मग घरात दाणा नाही म्हणून कॉलेज, माइक सगळं टाकून उसात गेलास.

पण कंस मी नाही उडवला. एवढं तरी समजून घे.

परत ये, असं लिहिणार नव्हतो. लिहून गेलो.

तुझा,
(प्रतिनिधी)


१५ डिसेंबर

करम्या,

आमशाला खोदून खोदून विचारलं. त्याचं उत्तर: "लिधा त्यानी. घडी करी खिसामा टाका. बोलना नई काही." मी म्हटलं, वाचला का? तर म्हणे, "मी काय त्याना खिसामा बठेल व्हतू?" म्हणजे फाडला नाहीस. मी यावर पंधरा दिवस काढले.

कालपर्यंत ठरवलं होतं की आता उत्तर आल्याशिवाय लिहायचं नाही. पण अब्बांच्या दुकानात एक म्हातारा माइक दुरुस्तीला घेऊन आला, तुझ्यासारखाच, जाळी चेपलेला. अब्बांनी सवयीने माझ्याकडे बघून म्हटलं, "तुझा दोस्त आला नाही बरेच दिवसात?" तुझा माइक अजून खुंटीला आहे. तू तीन वर्षांपूर्वी तो घेऊन पहिल्यांदा आला होतास. अब्बांनी विचारलं, कीर्तनाला का लग्नाला? तू म्हणालास, भांडायला. अब्बा आजही ते कुणालाही सांगतात.

मला तुझी फार आठवण येते. सरळ लिहितो, कारण तू समोर असतास तर मी हे कधीच बोललो नसतो.

रेकॉर्डिंगला आवाज घुमू नये म्हणून टांगलेल्या त्या गोधड्या मागच्या खोलीत अजून तशाच आहेत. सालेहा म्हणते, काढ, कपडे वाळत घालायला दोरी लागते. मी काढू देत नाही. तिथे बसून आपलं अर्धवट गाणं ऐकतो. 'अंगठा'. मशीन बाईच्या आवाजात म्हणतं, कृपया पुन्हा प्रयत्न करा, आणि तू त्या 'पुन्हा'चा ठेका केलास. पुन्हा-पुन्हा, पुन्हा-पुन्हा. त्यावर दुकानदाराचा आवाज येतो, "आज अंगठा, धान्य पुढला बाजारले", तोही तू कापून फिरवत ठेवलास. आणि मग तू. तुझ्या भिलीतलं ते कडवं मी मराठीत आणून बघितलं, लंगडतंय, पण बघ:

यंत्र विचारतं, कोण गं तू, घास कुणाचा, कुठला गाव?
खुरपं धरून रेषा गेल्या, मातीत शोध माझं नाव.

या गाण्यावरून आपण भांडलो होतो ते आठवतं? टेकडीवरच्या रेकॉर्डिंगमधून तू त्या बाईचा आवाज पूर्ण कापलास. मी चिडलो. म्हटलं, गोष्ट तिची आहे आणि तीच नाही? तू म्हणालास, "तिले गाणामा कसाले अडकाडू? त्याना आवाज शे ना, बस झाया." मी तुला म्हटलं होतं, तुला पत्रकारिता कळत नाही.

कडव्यानंतर जागा आहे. आपल्या प्रत्येक गाण्यात असते तशी. तू ओरडतोस, "नासिर, काय खबर?" आणि मग आठ ठेके मोकळे, त्यात मी एक बातमी वाचायची. शाळेतल्या मराठीत, ताठ मानेने, एका वाक्यात. मोलगीच्या बाजारात लोक हसायचे, यो मास्तर कोण शे म्हणून विचारायचे. पण आठ ठेक्यांत बसवायची म्हटली की बातमीतली सगळी चरबी झडून जायची. एकाही संपादकाने मला इतकं शिकवलेलं नाही. 'अंगठा'त तुझी हाकही नाही आणि माझी बातमीही नाही. ठेका नुसताच चालत जातो. ते आठ सेकंदसुद्धा नसतील, पण तिथे मला बसवत नाही.

काल सालेहा दारात उभी राहून ऐकत होती. एकदम म्हणाली, "भाई, वो नाम तेरे कू सुझा कहाँ से?"

मी म्हटलं, असंच. सुचलं.

तुझा,
(प्रतिनिधी)


१२ जानेवारी २०२५

करम्या,

असंच सुचलं नव्हतं.

सालेहाच्या प्रश्नाने महिनाभर पोखरलं. आज लिहितो, मग तू काय करायचं ते कर.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आपण मोलगीच्या बाजारात गाणं वाजवलं होतं. तू स्पीकर बांधत होतास. याहा महुफुलांची पाटी घेऊन माझ्याशेजारी उभी होती. पलीकडून एका बाईने हाक मारली, "भुरीबाऽई!" आणि याहाने वळून बघितलं, हसली, हात केला. मी हातभर अंतरावर होतो. ऐकलं आणि विसरलो. विसरलो असं वाटलं. पुढे बातमी लिहिताना मला पाड्यावरच्या, कष्टाच्या, खऱ्या वाटणाऱ्या बाईचं एक खोटं नाव हवं होतं. तर हात कुठे गेला? जिने मला जेवू घातलं तिच्याकडे. मला वाटलं, मी नाव बनवतोय. मी ते तुमच्या चुलीपाशीच उचललं होतं.

म्हणजे मला माहीत होतं आणि नव्हतंही. यातलं कुठलं वाईट, ते तू ठरव.

परवा वर गेलो होतो. आमशाने पाड्याच्या खाली सोडलं, पुढे चालत. थोडं धान्य नेलं होतं. ते याहाने घेऊन कोपऱ्यात ठेवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "खाई ले, मंग बोल." ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ. ज्याच्यामुळे घरातलं धान्य गेलं त्याच्या पुढ्यात तिने दुसरी भाकर टाकली, आणि मी, निर्लज्ज, ती खाल्ली. खाऊन झाल्यावर बोलायचं राहूनच गेलं. तिने तुझ्याबद्दल विचारलं. तू मला एक ओळही लिहीत नाहीस हे कसं सांगणार? म्हटलं, "करम मजेमा शे." माझी बनवण्याची खोड अजून गेलेली नाही.

आता मुद्द्याचं. रिनाने स्वतःच्या नावाने अर्ज लिहून दिला होता, माझी आई इथेच राहते, नाव परत घ्या म्हणून. त्यावर सुनावणी लागली आहे. सहा फेब्रुवारी, अक्कलकुव्याला. दुकानदार उलटा चढलाय. तो म्हणतो, ही बाई एका पत्रकाराला हाताशी धरून माझी बदनामी करते, त्या पत्रकाराचं नाव आधी समोर येऊ द्या. बातमीवर माझं नाव नाही, फक्त 'प्रतिनिधी' आहे. त्याला पेपरवाल्याला धडा शिकवायचाय.

मी संपादकांना फोन केला. म्हटलं, मी जाऊन सांगतो की ही बाई माझ्याशी बोललीच नव्हती, नाव काल्पनिक आहे. ते शांतपणे म्हणाले, "नाव खोटं म्हटलंस की लोक बातमी खोटी म्हणतील. आणि पेपरचं काय?" मग म्हणाले, "मार्चमध्ये जिल्हा प्रतिनिधीची जागा भरायची आहे, नासिर." एवढंच. धमकी नाही, काही नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, तीच पंचाईत. मी नाव खोटं म्हटलं तर दुकानदार सुटतो, आणि ज्या बाईने खरं सांगितलं ती खोटी पडते. नाही म्हटलं तर याहा उपाशी.

तू असतास तर काय केलं असतंस? विचारायला तूच नाहीस.

तुझा,
नासिर


९ फेब्रुवारी

करम्या,

सुनावणी झाली. मी गेलो होतो. साहेब बरे वाटले, शांतपणे ऐकून घेतात. पुढची तारीख दहा मार्च पडली आहे. याहा बरी आहे. रिना बरोबर होती. येताना त्यांना आमशाच्या गाडीत पुढची जागा मिळाली.

यंदा महू लवकर फुलेल म्हणतात.

होळीला टोळ्या परत येतातच. तूही येशील ना?

काळजी करू नकोस. सगळं होईल ठीक.

नासिर


२ मार्च

करम,

मागचं पत्र विसर. तू ते नीट वाचलं असशील तर तुला कळलंच असेल, कारण मी महूबद्दल लिहायला लागलो की काहीतरी लपवतोय, हे तूच कधी तरी म्हणाला होतास.

आज पहिला रोजा आहे. पोटात काही नसलं की माणसाला आतलं जास्त ऐकू येतं. सहा फेब्रुवारीला काय झालं ते सांगतो.

कचेरीतली ती लांब खोली. याहा बाकावर टोकाला बसली होती, पदर डोक्यावरून. दुकानदार वकील घेऊन आला होता. मी मागच्या रांगेत, हातात वही, बातमी घ्यायला आल्यासारखा. साहेबांनी तिला विचारलं, "बाई, पेपरात तुमचं नाव आलंय. कोणत्या पत्रकाराशी बोललात?"

ती म्हणाली, "मी कोनाशी बोलनी नई."

वकील उठला. "मग नाव हवेतून आलं का? तुमच्या घरी एक पत्रकार येतो की नाही? लोकांनी बघितलंय. त्याचं नाव सांगा."

याहाने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. सरळ. पाच-सात हातांवर होतो मी. मला वाटलं, आता सांगेल. मला वाटलं, सांगू दे, सुटेन.

ती म्हणाली, "नाव माले माहित नई, सायेब. पोऱ्या शे एक. येस, भाकर खास, चालना जास."

नाव माहीत नाही! करम, तुला माहीत आहे ती मला कशी हाक मारते. खालच्या नाल्यापाशी माझी टोपी दिसली की वरून 'नासिऽऽर' अशी ओरडते की पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागतात. तीन वर्षं. आणि तिथे, सगळ्यांसमोर, तिने माझं नाव गिळून टाकलं.

मी उठलो नाही.

तेव्हाच उठायचं होतं. पाय जमिनीला लागले होते, वही मांडीवर होती, आवाजही शाबूत होता. पण मी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं, 'पुढील तारीख'. जिल्हा प्रतिनिधीच्या जागेचा विचार त्या क्षणी डोक्यात होता का? होता. खोटं कशाला सांगू?

बाहेर आल्यावर नळापाशी तिला गाठलं. विचारलं, याहा, माहीत नाही असं का सांगितलंस? तिला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. मग म्हणाली, "तुन्हं नाव सांगतू, ते तुन्हं बी कापतात."

तिला वाटतंय माझंही कुठल्यातरी यादीत नाव आहे आणि ते कापलं तर मी उपाशी राहीन. रिना दुसरीकडे बघायला लागली. मी आमशाला पुढची जागा सांगितली आणि बसने घरी आलो.

अजून एक राहिलंय. पहिल्या पत्रात मी लिहिलं, कंस डेस्कने उडवला. खरं आहे. पण छापायच्या आधी संध्याकाळी ते पान माझ्या मोबाइलवर आलं होतं. मी मगरिबची नमाज आटोपून बाहेर आलो आणि पायरीवर बसून ते उघडलं. पहिलं पान, वरची बाजू, चार कॉलम. मी पहिल्या पानावर पहिल्यांदाच आलो होतो. कंस नाही हे मला तेव्हाच दिसलं. एक फोन केला असता तर झालं असतं. पण फोन केला की ते म्हणणार, ओळ वाढते, मजकूर कमी कर, आत टाकतो. मी फोन खिशात ठेवला आणि अब्बांना पान दाखवायला दुकानात गेलो. तूही तिथेच होतास. आतलं काही न वाचताच तू मला उचलून गोल फिरवलं होतंस.

हे तुला माहीत नव्हतं. आता झालं.

हे वाचून तू कागद फाडणार असशील तर फाड. पण दहा तारखेला मी उठणार आहे, हे फाडायच्या आधी वाच.

नासिर


११ मार्च

करम,

काल उठलो.

साहेबांनी प्रकरण पुकारलं आणि वकिलाने तोंड उघडायच्या आत मी पुढे गेलो. म्हटलं, "साहेब, तो प्रतिनिधी मी. नासिर. ती बातमी मी लिहिली. भुरीबाई हे नाव मी टाकलं. ही बाई माझ्याशी कधी बोलली नाही, तिने मला फक्त जेवायला घातलं आहे."

वकील हसला. त्याला हवं तेच झालं होतं. "म्हणजे बातमी बनावट."

"नाव बनावट आहे," मी म्हटलं. "बाकी ऐका."

आणि मी तुझं गाणं वाजवलं.

तुला न विचारता. त्याचीही माफी मागतो. अब्बांच्या दुकानातला छोटा स्पीकर पिशवीत घालून नेला होता. टेकडीवरचं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, पण त्यात त्या बाईचा आवाज आहे, ते वाजवलं असतं तर आणखी एकीचं नाव कापलं गेलं असतं. आवाजावरून माणूस ओळखायला पाड्यावर कितीसा वेळ लागतो? तुझ्या गाण्यात ती नाही. तू तिला काढून ठेवलंस. तुझ्या गाण्यात फक्त मशीन आहे आणि तो आहे. आज अंगठा, धान्य पुढला बाजारले. आज अंगठा, धान्य पुढला बाजारले. कृपया पुन्हा-पुन्हा. कोपऱ्यातल्या कारकुनाचं पेन टेबलावर ठेका धरायला लागलं, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पेन खिशात ठेवलं. साहेबांनी दुकानदाराकडे बघितलं. "आवाज तुमचाच ना?" तो म्हणाला, गाण्यात काय कुणीही काहीही घालतं. साहेब म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. मूळ रेकॉर्डिंग मागितलं तर बाईचं नाव बाहेर जाणार नाही असं लिहून द्या, मग देतो, असंही सांगितलं. ते विचार करतो म्हणाले.

मला पत्रकारिता कळते आणि तुला कळत नाही, असं मी म्हटलं होतं. बोललेल्या बाईला सांभाळायचं काम तू केलंस, आणि तुझ्या आईने केलं. मी सोडून तुम्ही सगळ्यांनी केलं.

मग साहेबांनी याहाला विचारलं, "बाई, आता तरी सांगा, याला ओळखता?"

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "हाव. यो नासिर शे. मन्हा करमना जोडीदार." एवढ्या मोठ्याने, जणू मी नाल्यापाशी उभा आहे.

नाव परत घ्यायचा आदेश त्यांनी तिथेच लिहिला. दुकानाची चौकशी लागेल म्हणाले. दाणे घरात पडतील तेव्हा खरं, एवढं मलाही कळतं, पण कागद रिनाच्या हातात आहे आणि तिने तो दोनदा वाचून दाखवला.

बाहेर चिंचेखाली बसलो. मी म्हटलं, "याहा, तुन्हं नाव मी कधी इचारंच नई." ती इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला. "आते पुरा जिल्हाले माहित व्हई गयं," म्हणाली. मग फडक्यात बांधलेली भाकर काढली. मी रोजा असल्याचं सांगितलं. तिने परत गाठ मारली आणि ती माझ्या पिशवीत कोंबली. संध्याकाळी अक्कलकुव्याच्या स्टँडवर बसची वाट बघत असताना अजान झाली तेव्हा मी पाण्याच्या घोटानंतर तीच भाकर मोडली. वाळली होती. तुला सांगतो, रडलो. समोरच्या बाकावरचा माणूस जागा बदलून गेला.

बसमध्ये संपादकांचा फोन आला. उद्यापासून बातमी पाठवू नकोस म्हणाले. मी बरं म्हटलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या पेपरात सहा वर्षं झाली होती. सालेहा म्हणते, आता तरी गोधड्या काढ. म्हटलं, आता तर मुळीच नाही.

टोळीला आणायला आमशा आज रात्री निघतोय, त्याच्या हाती दिलेल्या या पाकिटात मेमरी कार्ड आहे. आज दुपारी मागच्या खोलीत बसून 'अंगठा'तली जागा भरली. आठ ठेके. वाक्य असं आहे:

ती बातमी मी लिहिली, त्यातलं नाव मी बनवलं, बाकी सगळं खरं आहे.

बरोबर बसतं. मोजून बघ.

पण त्याच्या आधी तुझी हाक लागते. हाक नसेल तर मी मधूनच कुणी न विचारता बोलायला लागल्यासारखं वाटतं. सालेहाने सुचवलं की जुन्या गाण्यातली काढून जोड, 'नासिर, काय खबर?' तर त्यात आहेच, कुणाला कळणार नाही. जोडून बघितली. खरंच कळत नाही. अगदी तू आत्ता बोलल्यासारखी वाटते. मी ती तीनदा ऐकली.

मग पुसून टाकली. तू मारली नाहीस ती हाक माझ्या कामाची नाही.

परवा होळी. आमशा म्हणाला, टोळी उद्या निघेल, गाडी भरून येईल, मोलगीच्या आधी नंदुरबारला डिझेल घ्यायला थांबेल. आपलं दुकान पंपासमोर आहे, हे तुला सांगायला नको. माइक दुरुस्त करून ठेवलाय. गाण्यात तुझ्या हाकेपुरती जागा सोडली आहे.

नासिर